एका हौद्यात सगळ्या तालमी

पाटाकडील, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण अशा कोल्हापूरच्या सगळ्या तालमींच्या फुटबॉल संघांतले तीन-तीन खेळाडू उचलायचे, सराव न करता परवा शाहू स्टेडियमवर उतरवायचे, असं कुणी सुचवलं तर कोल्हापुरात त्याला चहा पाजून घरी सोडून येतील. युद्धात मात्र हेच सुचवणाऱ्याच्या हातात काठी देऊन नकाशासमोर उभं करतात. तेव्हा तीन दलांचे आणि चार देशांचे कमांडो जुळवायची जबाबदारी तुमच्यावर आलीच, तर बिचकू नका. पद्धत ठरलेली आहे आणि अनेकदा वापरून झालेली आहे.

आधी मानपान, मग काम. १९८० च्या एप्रिलमध्ये तेहरानमधल्या ओलिसांना सोडवायला अमेरिकेनं काढलेली मोहीम समोर ठेवा. कमांडो भूदलाचे, विमानं हवाई दलाची, हेलिकॉप्टरं नौदलाची (तीही पाणसुरुंग काढायच्या कामाची) आणि ती उडवणारे बहुतेक वैमानिक मरीन कोअरचे. रुसायला कुणी उरलंच नाही. सगळ्यांचा मिळून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकही सराव झाला नाही, कारण गुप्तता. वाळवंटात हवेत धूळ तरंगत राहते हे हवामानवाल्यांना ठाऊक होतं. वैमानिकांना नव्हतं. कारण तेच, गुप्तता.

आठ हेलिकॉप्टरं निघाली, किमान सहा लागणार होती. एकात पातं तडकल्याचा इशारा लागला, ते वाळवंटातच सोडलं. दुसरं धुळीत उपकरणं बिघडल्यानं माघारी वळलं. पुढं मुक्कामाच्या जागी आकाश स्वच्छ होतं, पण रेडिओवर बोलायचं नाही असा हुकूम असल्यानं त्या वैमानिकाला ते कुणी कळवलं नाही. तिसऱ्याचं हायड्रॉलिक गेलं. पाच उरली, मोहीम रद्द. परतायच्या गडबडीत एक हेलिकॉप्टर इंधन घेऊन उभ्या असलेल्या विमानावर आदळलं आणि आठ माणसं गेली. गुप्तता मात्र शेवटपर्यंत टिकली, निदान आपल्याच माणसांपासून.

आता वेळ ठरवा. "पाच तारखेला पहाटे पाच" एवढंच म्हणा. कुणाचे पाच, हे विचारणं असभ्यपणाचं. सैन्यात सगळ्यांसाठी एक झुलू वेळ असते, म्हणजे ग्रीनिचची. त्या हिशेबात आपले पाचचे पहाटे पाच म्हणजे चार तारखेचे रात्रीचे साडेअकरा. तारीखच बदलते, त्यामुळं एक तुकडी आदल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पोचण्याची उत्तम सोय होते. आणखी गंमत हवी असेल तर रेडिओच्या सांकेतिक किल्ल्या, म्हणजे बोलणं गुप्त ठेवणारे आकडे, झुलूच्या मध्यरात्री बदलायला लावा. म्हणजे आपल्याकडं साडेपाच. हल्ला सुरू होऊन अर्धा तास झाला की नवी किल्ली न भरलेले सगळे सेट एकदम मुके. किल्ली मित्रदेशाला द्यायची की नाही, याचं पत्र तेव्हा वरच्या कार्यालयात सहीसाठी थांबलेलं असेल.

जागा सांगताना अक्षांश लिहा, पण कुठल्या पद्धतीनं लिहिलाय ते लिहू नका. सोळा अंश बेचाळीस मिनिटं तीस, बस्स. एक जण ते तीस सेकंद समजेल. दुसरा समजेल बेचाळीस पूर्णांक तीस शतांश मिनिटं, म्हणजे अठरा सेकंद. फरक बारा सेकंदांचा, जमिनीवर सुमारे ३७० मीटर. रंकाळ्याच्या काठावर उतरायचं ते रंकाळ्यात.

बॅटरीची हकिकत जरा नीट बघा. ५ डिसेंबर २००१, कंदाहारच्या उत्तरेला शवाली कोट. अमेरिकेचे विशेष दलाचे जवान आणि तालिबानशी लढणाऱ्या हमीद करझाईंचे अफगाण सैनिक एकत्र होते. विमानाला लक्ष्य सांगणाऱ्याच्या हातात जीपीएस. त्यानं शत्रूची जागा मोजली, तेवढ्यात बॅटरी संपली. नवी घातली. यंत्र सुरू झालं आणि पडद्यावर आकडे आले. दिसायला अगदी आधीच्यासारखेच, पण त्या यंत्राची खोड अशी की बॅटरी बदलली की ते स्वतः जिथं आहे तिथली जागा दाखवतं. तेच आकडे वर गेले आणि दोन हजार पौंडांचा बॉम्ब इमानानं तिथंच आला. तीन अमेरिकी जवान आणि कितीतरी अफगाण सोबती मारले गेले, करझाई किरकोळ जखमी झाले. बॉम्बची, विमानाची, माणसाची, कुणाचीच चूक सापडत नाही. आपल्याला हवं ते नेमकं हेच. बॅटरी बदलल्यावर आकडे पुन्हा मोठ्यानं वाचायचे, असा नियम चुकूनसुद्धा लिहू नका.

भाषा सगळ्यांना एकच येते ना? मग दुभाषा कशाला? कोरियात १९५१ च्या एप्रिलमध्ये इम्जिन नदीकाठी ब्रिटिश ब्रिगेडियरनं अमेरिकी वरिष्ठाला कळवलं की, परिस्थिती जरा चिकट आहे, असं सांगितलं जातं. ब्रिटिश माणूस "जरा" म्हणतो तेव्हा पाणी गळ्यापर्यंत आलेलं असतं. अमेरिकी कानाला ते "चाललंय बरं" असं ऐकू आलं आणि ग्लॉस्टर बटालियन टेकडीवर वेढ्यात अडकली. आपल्या पाहुण्यानं "थोडा रस्सा चालेल" म्हटल्यावर आपण वाटी भरतो की पातेलं, तेवढाच हा फरक.

सामानाची चिंता नको. दारूगोळ्याच्या मागणीत "७.६२" एवढंच लिहा, काडतुसाची लांबी लिहू नका. एके रायफलला लागतं ३९ मिलिमीटरचं, नेटोच्या मशीनगनला ५१ चं. पेट्यांवर आकडा तोच, गोळी बसत नाही. इंधनाचंही तसंच. जहाजावरचं जेपी-५ ६० अंश सेल्सिअसच्या आत पेटत नाही, जमिनीवरच्या तळांवरचं जेपी-८ मात्र ३८ ला पेटू शकतं. म्हणून ते पोटात भरून आलेलं हेलिकॉप्टर हँगरमध्ये घ्यायला नौदल तयार नसतं. हा वाद रात्री समुद्रावर, टाकीचा काटा तळाला टेकलेला असताना काढला तर रंगतो.

काही वाईट उदाहरणांपासून लांब राहा. १९४२ मध्ये अमेरिका आणि कॅनडानं मोंटानात एक संयुक्त दल उभारलं. माणसं तंबूत मिसळून ठेवली, गणवेश एक, कवायत एक. पगार तेवढा वेगळा, अमेरिकी जवानाला जास्त. (एवढी एकच गोष्ट त्यांनी आपल्या पद्धतीनं केली.) दीड वर्षाच्या सहवासानंतर डिसेंबर १९४३ मध्ये इटलीतला ला दिफेन्सा डोंगर ते कड्याच्या बाजूनं, रात्री, दोरांनी चढून गेले. दीड वर्ष! एवढ्यात आपली तीन उद्घाटनं होतात. १९४४ मध्ये जर्मनव्याप्त युरोपात उतरवलेल्या जेडबर्ग तुकड्या तर तिघांच्याच. ब्रिटिश किंवा अमेरिकी एक, बहुधा फ्रेंच एक आणि रेडिओवाला. जोडीदार निवडायची मुभा त्यांनाच होती. वरून यादी न लावता जमलेलं लग्न, दुसरं काय!

आपल्याकडं भूदलाचे पॅरा कमांडो १९६६ पासून, नौदलाचे मार्कोस १९८७ पासून, हवाई दलाचे गरुड २००४ पासून. तिघांना एका छत्राखाली आणणारा विभाग २०१९ मध्ये. इतकी घाई कशासाठी, कळत नाही. ऑक्टोबर १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या जाफना विद्यापीठाच्या फुटबॉल मैदानावर रात्री पॅरा कमांडो आणि शीख लाइट इन्फंट्रीची एक पलटण उतरवली होती. एकाच सैन्यातल्या दोन तुकड्या. रेडिओवरचं बोलणं शत्रूनं आधीच ऐकलेलं. कुमक उतरू शकली नाही आणि त्या पलटणीतल्या तीस जणांपैकी एकोणतीस जण तिथंच पडले. इथं उपरोध चालत नाही, पुढं जाऊ.

राहिलं लाल कार्ड. शाहू स्टेडियमवर ते एका पंचाच्या खिशात असतं. संयुक्त फौजेत प्रत्येक देशाचा एक अधिकारी आपलं लाल कार्ड घेऊन बसलेला असतो आणि आपली माणसं या कामात नाहीत असं म्हणू शकतो. हे कार्ड आधी वापरू देऊ नका. हेलिकॉप्टरची पाती फिरू लागली की मग त्याला राजधानीला फोन लावायला सांगा. आपल्याकडं पहाटेचे पाच, तिकडं युरोपात हिवाळ्यातले रात्रीचे साडेबारा. फोन उचलणारा म्हणेल, साहेब झोपलेत, सकाळी नऊला कार्यालय उघडतं, तेव्हा लावा.