एका नावेचे बिऱ्हाड

मुंबईत माणसाला जागा मिळत नाही हे पुरते ठाऊक असूनही मी आणि माझ्या मेहुण्याने निम्मे-निम्मे पैसे घालून २६ फुटी जुनी शिडाची नाव विकत घेतली, आणि ती ठेवायची कुठे याचा विचार व्यवहार पुरा झाल्यावर केला. बँकेत आयुष्यभर दुसऱ्यांची गहाणखते तपासणाऱ्या माणसाच्या हातून असे व्हावे, याचे सौभाग्यवतींना अजून नवल वाटते.

आम्ही पार्ल्याचे, म्हणून पहिला मान वर्सोव्याच्या खाडीला मिळाला. बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्या सावलीत बसून जाळे विणणाऱ्या एका नाखव्याने आमचे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले. मग त्याने विचारले, ‘‘होडीला पाणी किती लागतं?’’

‘‘छे, पाणी मुळीच येत नाही आत! नुकताच रंग दिलाय,’’ मेहुणा अभिमानाने म्हणाला.

नाखव्याने जाळे बाजूला ठेवले. नाव तरंगायला पाण्याची खोली किती हवी, असा त्याचा प्रश्न होता. आमच्या नावेच्या तळाखाली लोखंडाचा एक जड पाता आहे, शिडात वारा भरल्यावर तो तिला कलंडू देत नाही, आणि त्याच्यामुळे तिला साडेचार फूट पाणी लागते, हे कळल्यावर त्याने समोर हात केला. ओहोटी लागलेली होती. जिथे आमची नाव डोलताना मी मनात पाहत होतो, तिथे एक कुत्रा चालत होता. तरीही प्रत्यक्ष पाहणी केल्याशिवाय कर्ज मंजूर करायचे नाही, या जुन्या सवयीने मी पुढे गेलो आणि चौथ्या पावलाला माझी उजवी चप्पल गाळाने ठेवून घेतली.

नाखव्याने आम्हांला भरतीचे गणितही शिकवले. तिथीला पाऊणने गुणले की मुंबईच्या पूर्ण भरतीची वेळ साधारण निघते. म्हणजे रविवारी पौर्णिमा आली, तर १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, त्या वेळी खाडी तुडुंब. पण बाहेर पडल्यावर वारा पडला आणि परतायला संध्याकाळचे पाच वाजले, तर दारात पाणी नाही. पुढच्या भरतीसाठी रात्री साडेअकरापर्यंत समुद्रात थांबायचे, किंवा गाळात आडव्या पडलेल्या नावेत तिरके बसून घरी फोन करायचा. सौभाग्यवतींनी हे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, ‘‘अहो, म्हणजे चतुर्थीचा उपास चंद्र पाहून सोडायचा आणि पौर्णिमेचं जेवण पाणी पाहून वाढायचं!’’

पूर्व किनाऱ्याला शिवडीही पाहिली. तिथल्या गाळात फ्लेमिंगो उभे होते. त्यांचे पाय त्यासाठीच लांब असतात.

गेटवेसमोर मात्र खोली आहे, शेजार प्रतिष्ठित आहे, आणि मागे ताजमहाल हॉटेल असल्यामुळे फोटोही चांगले येतात. पण तिथे नाव पाण्यात नांगरून ठेवलेल्या बोयाला, म्हणजे तरंगत्या पिंपाला, बांधायची, तिच्यापर्यंत जायला छोटी होडी ठेवायची, होडीला माणूस ठेवायचा, आणि प्रवासी लाँचींच्या लाटांनी आपली नाव दिवसभर घुसळली जाताना काठावरून पाहायची. या शहरात १८४६ पासून यॉट क्लब आहे. परंतु सामान्य माणसाने धक्क्याला नाव लावावी आणि पिशवी घेऊन पायी उतरावे, असा मरीना आम्हांला सापडला नाही. त्यासाठी कोचीला बोलगट्टीपर्यंत जावे लागेल, असे कळले. मेहुणा जायला तयार होता.

पावसाळ्याचा प्रश्न वेगळाच होता. नैऋत्येचा वारा सुरू झाला की यांत्रिक होड्यांची मासेमारीही १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंद असते आणि कोळ्यांच्या होड्या ताडपत्री पांघरून किनाऱ्यावर चढतात. तिथे आमच्यासारख्या हौशी लोकांनी पाण्यात राहायचा हट्ट धरण्यात अर्थ नव्हता. म्हणून चार महिन्यांसाठी सोसायटीच्या आवारात जागा मागितली. सचिवांनी विचारले, ‘‘दुचाकी की चारचाकी?’’ चाके नाहीत, असे मी सांगितले. ‘‘मग ते बांधकाम समजलं जाईल,’’ ते म्हणाले.

शेवटी समुद्रापलीकडचे, अलिबागजवळचे मांडवा ठरले. पाण्याला खोली आहे, लाटांना बांध आहे आणि पावसाळ्यात नाव ओढून ठेवायला पलीकडच्या गावात एका ओळखीच्यांची वाडी आहे. दोष एकच, की स्वतःच्या नावेपर्यंत पोचायला दुसऱ्याच्या बोटीचे तिकीट काढावे लागते. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून रोरो, म्हणजे माणसांबरोबर मोटारीही नेणारी बोट, सुटते आणि तासाभरात मांडव्याला पोचवते. परंतु भाऊच्या धक्क्यापर्यंत कोण पोचवणार, हे आमच्या हिशेबात धरायचे राहिले होते.

पहिल्या रविवारी तिथी अनुकूल होती, वाराही होता, आणि हार्बरवर मेगाब्लॉक होता. डॉकयार्ड रोडला उतरायचे ते टॅक्सीने गेलो, ठरवलेली रोरो चुकली, पुढचीने निघालो. नावेवर पाय ठेवला तेव्हा परतीची शेवटची फेरी सुटायला दोन तास उरले होते. त्यातला एक तास बगळ्यांनी डेकवर केलेली घाण धुण्यात गेला. मग शिडे सोडायला वेळ नाही हे एकमताने मान्य करून आम्ही थालीपिठांचा डबा उघडला. जेवता जेवता समोरचा किनारा हळूहळू सरकू लागला, तसा मेहुणा घास हातात धरून दचकून उठला. ओहोटी लागली होती आणि नाव बोयाभोवती आपसूक अर्धे वर्तुळ वळत होती. त्या दिवशीचा आमचा जलप्रवास तेवढाच झाला.