नोटा

मला अमेरिकन सिटिझनशिप मिळाली २०१५ मध्ये. त्या परीक्षेचे तेव्हा १०० प्रश्न असायचे, ते मी रोज कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत घोकायचे, घटनेत दुरुस्त्या किती तर २७, सिनेटर किती तर १००, आणि मुलाखतीला त्यातले दहा विचारायचे नि सहा बरोबर आले की झालं. माझे पहिले सहाच्या सहा बरोबर आले तर त्या बाईंनी पुढचे विचारलेच नाहीत. मला अजून वाईट वाटतं, एवढं पाठ केलेलं. पण त्या शंभरात जो एक प्रश्न हवा होता तोच नव्हता, की बाबा दोन्ही उमेदवार नको असतील तर काय करायचं.

कारण माझं पहिलंवहिलं मतदान आलं २०१६ चं. हिलरी क्लिंटन आणि डोनाल्ड ट्रम्प. पोल घेणाऱ्यांनी तेव्हाच सांगितलं होतं की पोल घ्यायला लागल्यापासून दोन्ही मोठ्या पक्षांचे इतके नावडते उमेदवार एकाच वर्षी कधी आलेच नव्हते. म्हणजे सतरा वर्षं व्हिसा, ग्रीन कार्ड, बोटांचे ठसे, परत बोटांचे ठसे असं करत करत मी रांगेच्या टोकाला पोचले आणि काउंटरवरच्या माणसाने सांगितलं, मॅडम, आज फक्त कारलं आणि शिळं कारलं.

त्यात आम्ही राहतो न्यू जर्सीत, एडिसनला. उमेदवार निवडायच्या प्रायमरी त्या वर्षी फेब्रुवारीत सुरू झाल्या आणि एकेक राज्य करत पुढे सरकल्या. आमची आली ७ जूनला. रिपब्लिकन पक्षाकडे सुरुवातीला सतरा जण होते, सतरा! आमच्यापर्यंत पंगत येईतो सोळा उठून हात धुऊन गेलेले. दुसरीकडे निदान बर्नी सँडर्स अजून ताटावर होते, तर ६ जूनच्या रात्री बातमी आली की हिलरीबाईंची बेरीज पूर्ण झाली, उमेदवारी त्यांचीच. आमच्या मतदानाच्या आदल्या रात्री! निदान एक दिवस कळ काढायची की. शेवटच्या पंगतीला आमटीचं पाणी आणि भाताची खरपुडी मिळते हे माहीत होतं, पण इथे आम्ही बसायच्या आधीच पत्रावळ्या गोळा केल्या.

त्याच जूनमध्ये सासूबाई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या. त्यांना इंग्रजी फारसं येत नाही पण राजकारण उत्तम कळतं, त्यामुळे त्यांना काही समजावून सांगायला लागलं की आपल्यालाच ते कसं समजलेलं नाही हे कळतं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी टीव्ही बघत विचारलं, "इथे किती लोक राहतात गं?" म्हटलं, बत्तीस कोटी. "आणि त्यात हे दोनच मिळाले?"

यावर मला आजतागायत उत्तर सापडलेलं नाही.

मग चिन्हं विचारली. म्हटलं याचं हत्ती आणि हिचं गाढव. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "गाढवाला मत द्यायला हात उचलत नाही आणि हत्ती लग्नाच्या वरातीत बरा, तो दिवाणखान्यात कोण घेतं?" मी सांगितलं की मशीनवर चित्रं नसतात, नुसती नावं असतात, तर त्यांना ती आणखीच फसवणूक वाटली.

हिलरीबाईंचं ते ईमेल प्रकरण समजावताना तर माझी दांडी गुल. त्या परराष्ट्रमंत्री होत्या ना आई, तेव्हा त्यांनी सरकारी ईमेल स्वतःच्या घरच्या सर्व्हरवर चालवलं. "म्हणजे ऑफिसचं काम घरी आणलं?" हो, तसंच म्हणा. "मग आमच्या ह्यांना तर फाशीच व्हायला हवी होती, तीस वर्षं झेडपीच्या फायली माझ्या पोळपाटावर ठेवून लिहीत होते." आता यात गुप्त कागद, एफबीआयची चौकशी वगैरे मी घालणार होते पण पोळपाटापुढे माझं काही चालेना.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला ट्रम्पसाहेबांची ती जुनी टेप बाहेर आली. टीव्हीवर दिवसभर तेच, मधेमधे टूं टूं करून शब्द झाकलेले, आणि सासूबाई विचारतायत, काय म्हणाला गं तो? सासूबाईंना ते मराठीत सांगणं माझ्या आईने मला शिकवलेलं नाही. "बायकांबद्दल वाईट बोलला" एवढंच म्हणाले. "किती वाईट?" मी गॅस बंद करायला उठले, गॅस बंदच होता. मग दोनच दिवसांत सेंट लुईसची डिबेट, ज्यात हिलरी बोलतायत आणि हे महाशय त्यांच्या पाठीमागे येरझाऱ्या घालतायत, तर सासूबाई एकदम ताठ बसल्या, "हा मेला तिच्या मागेमागे का फिरतोय? आणि तिच्या घरचं कुणी नाही का तिथे?" होतं की, तिचा नवराही तिथेच बसला होता. पण त्याचा इतिहास सांगायचा म्हणजे मला पुन्हा गॅस बंद करायला जावं लागलं असतं.

नवऱ्याने मधला मार्ग काढला. म्हणाला, मी तिसऱ्याला देतो, लिबर्टेरियन पक्षाचा गॅरी जॉन्सन, न्यू मेक्सिकोचा माजी गव्हर्नर, शांत माणूस आहे. आठवडाभर घरात शांतता होती. मग सप्टेंबरमध्ये एका मुलाखतीत त्याला सीरियातल्या अलेप्पोबद्दल विचारलं तर तो म्हणाला, अलेप्पो म्हणजे काय? मी नवऱ्याकडे बघितलं. तो म्हणाला, मलाही माहीत नव्हतं, पण मी कुठे उभा आहे?

खरा जाच मात्र उमेदवारांचा नव्हताच, खरा जाच होता आमच्या वन्संचा. त्या राहतात पेनसिल्वेनियात, डेलावेअर नदीच्या पलीकडे बक्स काउंटीत, आमच्या घरापासून तासाभराचा रस्ता. पण निवडणुकीत ती नदी म्हणजे वैतरणा. न्यू जर्सीचे १४ इलेक्टर (राष्ट्राध्यक्ष शेवटी हेच निवडतात, आणि राज्यात ज्याला जास्त मतं त्याला सगळेच्या सगळे), ते १९९२ पासून दरवेळी डेमोक्रॅटकडे जातात, त्यामुळे आम्हाला कुणी विचारत नाही. पेनसिल्वेनियाचे तेव्हा २० होते आणि ते कुठे पडतील ते ब्रह्मदेवालाही माहीत नाही, म्हणून वन्संना अधिक महिन्यातल्या जावयासारखं वागवतात. रोज सहा फोन, पेटी भरून रंगीत कागद, शनिवारी दारात गोड पोरं, "ताई तुमचा काही विचार झाला का?" आणि ही मला फोन करून तक्रार करणार, "वहिनी, कंटाळा आला हो मला, आज परत हिलरीकडून दोघं आले होते, चहा करावा लागला." मला म्हणे कंटाळा! अगं, मी त्याच दोन माणसांना वैतागलेय पण माझा वैताग विचारायला एक कुत्रं आलेलं नाही. उमेदवार न आवडणं मी समजू शकते. पण न आवडलेल्या स्थळाने आपल्याला बघायलाही येऊ नये, हा अपमान वेगळा.

(२०२४ मध्ये तर कहर झाला. इलॉन मस्कच्या कमिटीने अटीतटीच्या राज्यांतल्या नोंदणीकृत मतदारांसाठी जाहीर केलं की आमच्या अर्जावर सही करा, रोज एकाला दहा लाख डॉलर. वन्संनी सही ठोकली. घटनेच्या पहिल्या आणि दुसऱ्या दुरुस्तीला पाठिंबा असा तो अर्ज होता, दुसरी म्हणजे बंदुकीची हे मी फोनवर सांगितलं तेव्हा म्हणे, "असू दे हो वहिनी, सही तर केलीये." पुढे कोर्टात कमिटीच्याच बाजूने सांगण्यात आलं की विजेते काही चिठ्ठ्या टाकून काढलेले नव्हते, आधीच निवडलेले होते. मला अजिबात आनंद झाला नाही. थोडा झाला.)

नाही म्हणायला २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ट्रम्प आमच्या एडिसनला येऊन गेले, रिपब्लिकन हिंदू कोएलिशनच्या कार्यक्रमाला. आपण हिंदूंचे मोठे फॅन असल्याचं सांगितलं, बॉलिवूडचे डान्स झाले. मग टीव्हीवर त्यांची दिवाळीची जाहिरात लागली, त्यात ते स्वतःच्या तोंडाने "अब की बार ट्रम्प सरकार" म्हणतात. सासूबाई स्वयंपाकघरातून धावत आल्या, "अगं हे तर आपल्याकडचं आहे!" म्हणजे उमेदवार नवीन नाही ते नाही, घोषणाही सेकंडहॅण्ड.

अशा वेळी माणसाला माहेर आठवतं. भारतात सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये नोटा आणला, वरीलपैकी कुणी नाही. आम्ही तिकडे होतो तेव्हा नव्हता हो! आम्ही निघून आलो नि मागून नळाला पाणी आलं. पुढे २०१९ मध्ये लातूर ग्रामीणला तर नोटा चक्क दुसऱ्या नंबरवर आला, मला इकडे बसून उगाच अभिमान वाटला. अमेरिकेत ही सोय फक्त नेवाडा राज्यात आहे, १९७० च्या दशकापासून. तिथे मशीनवर "यांपैकी कुणी नाही" असं छापलेलं असतं. ते जिंकलं तरी काही होत नाही, दुसरा आलेला निवडून येतो, पण होतो तो अपमान तर होतोच. २०२४ च्या फेब्रुवारीत तिथल्या प्रायमरीत निकी हेली उभ्या होत्या, ट्रम्प त्या मतपत्रिकेवर नव्हतेच, आणि बाई तरी "कुणी नाही"कडून हरल्या. मी नवऱ्याला म्हटलं, आपण लास वेगासला राहायला जाऊ. तो म्हणाला, जुगाराचं घर नको. अरे मग इथे काय चाललंय?

तर ८ नोव्हेंबर, मंगळवार. इथे मतदान मंगळवारीच का, तर १८४५ चा कायदा आहे. तेव्हाचे शेतकरी रविवारी चर्चला जायचे, बुधवारी बाजार असायचा, मधे बग्गीने यायला एक दिवस हवा. अजून त्या बग्गीची सोय चालूये, आम्हाला मात्र सुट्टी टाकायला लागते. सासूबाई म्हणाल्या मंगळवारी नवीन काम सुरू करू नये, आणि स्वतःच नऊवारी नेसून पहिल्या तयार झाल्या, मतदान बघायला.

शाळेच्या जिममध्ये केंद्र. वहीत सही केली, बोटाला शाई नाही, ओळखपत्र कुणी मागितलं नाही, लग्नातल्या आहेराच्या वहीत यापेक्षा जास्त चौकशी करतात. सासूबाईंना खुर्ची दिली, मी पडद्याच्या आत गेले. आत पोस्टरएवढा बोर्ड. राष्ट्राध्यक्ष, खासदार, त्याखाली फ्रीहोल्डर म्हणून एक पद, हे काय असतं ते मला दीड वर्षात कळलेलं नव्हतं (नवरा म्हणतो फुकट धरून बसणारे, २०२१ पासून त्यांना कमिशनर म्हणतात, तरी कळलेलं नाहीच). आणि दोन प्रश्न: अटलांटिक सिटीबाहेर कॅसिनो काढू द्यायचे का, हो की नाही. पेट्रोलच्या कराचे पैसे रस्ते-वाहतुकीलाच ठेवायचे का, हो की नाही.

मी बघतच राहिले. कॅसिनोला "नाही" आहे. पेट्रोलला "नाही" आहे. जिथे मला खरोखर जीव तोडून "नाही" म्हणायचंय तिथे मात्र नाही.

यादीबाहेरचं नाव स्वतः घालायची सोय असते, लोक तिथे मिकी माऊस लिहितात. माझ्या मनात सासूबाईंचं नाव आलं. खोटं कशाला बोलू, देशहित नंतर सुचलं, आधी हे सुचलं की चार वर्षं व्हाईट हाऊसला राहतील. पण घटना आडवी आली. जन्माने नागरिक पाहिजे, चौदा वर्षं इथे राहिलेला पाहिजे, पस्तिशीच्या वरचा पाहिजे. शेवटची अट तेवढी त्या दुपटीने पूर्ण करत होत्या. शेवटी दगडापेक्षा वीट मऊ म्हणत एक बटण दाबलं. दगड कोण नि वीट कोण हे मी सांगणार नाही, अर्ध्या नातेवाईकांशी अजून बोलणं चालू आहे ते राहू दे.

बाहेर आले तर सासूबाई खुर्चीत नव्हत्या. भिंतीशी उभ्या, हातात फोन, चेहरा पांढरा. मला वाटलं साताऱ्याला काही झालं. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले असतील. त्यांनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या,

"नोटा बंद केल्या."

मी अजून पडद्याच्या आतच होते मनाने. म्हटलं, हो ना आई, इथे नाहीचेत, तेच तर दुःख आहे. तशा त्या ओरडल्याच, त्या जिममध्ये, "अगं पाचशे-हजारच्या! मोदींनी! रात्री बारापासून!"

मी नोटा नाही म्हणून रडत होते आणि सासूबाई नोटा आहेत म्हणून.

त्या रात्री अख्खी अमेरिका टीव्हीपुढे श्वास रोखून बसली होती. आमच्याकडे मध्यरात्र उलटून दीडच्या सुमाराला पेनसिल्वेनिया ट्रम्पकडे गेलं, साठ लाखांवर मतांत फरक फक्त ४४ हजारांचा. वन्संनी लगेच फोन केला, "वहिनी, बघितलंत ना, आमच्यामुळे ठरलं!" पुढे मोजणी पुरी झाल्यावर कळलं, देशभरात हिलरीबाईंना २८ लाख मतं जास्त पडून त्या हरल्या, त्यात आमच्या न्यू जर्सीची कितीतरी होती, वाया. त्या रात्री मी वन्संचा फोन सासूबाईंना सांगायला गेले तर त्या आतल्या खोलीत अंधारात बसून साताऱ्याला सासऱ्यांशी कुजबुजत होत्या. साताऱ्यात बँका बंद, एटीएम बंद, दुपारचे बारा.

"अहो, साबुदाण्याच्या डब्यात नाही, त्याच्या मागचा. हळदीचा. हो, तोच. ओता परातीत. आता विचारू नका कधीपासून ठेवलेत, मोजा आधी."

मग बराच वेळ त्या नुसत्या ऐकत होत्या. फोनमधून सासऱ्यांचा आवाज मलाही ऐकू येत होता, ते मोजतच होते.

"तेवढे झाले की मला सांगा," सासूबाई म्हणाल्या, "मग मिरचीचा काढायचाय."