बिनविरोध

गेल्या रविवारी जर्मनीतून दादाशी फोनवर भांडलो. आमची भांडणं ठरलेली असतात: आईची औषधं, गावचं घर, मी शेवटचा कधी आलो होतो. या वेळी विषय निराळा निघाला. पुतण्या इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने घरच्या ग्रुपवर एक सर्टिफिकेट टाकलं. दोन दिवसांचं नेतृत्व विकास शिबिर, सोनेरी किनार, खाली तीन सह्या. सगळ्यांनी अंगठे आणि फुलं टाकली. मी विचारलं, 'काय काय शिकवलं रे?' तर म्हणाला, 'काका, बॉडी लँग्वेज, गोल सेटिंग, आणि गटागटाने कागदाचा मनोरा बांधायचा होता. आमचा दुसरा आला.'

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी लिहिलं, 'कॉलेजात निवडणुका घ्या म्हणावं, मनोरे कशाला बांधता?' पाच मिनिटांत दादाचा फोन. 'पोरगं शिकायला पाठवलंय, झेंडे नाचवायला नाही. तुला तिथे बसून बोलायला काय जातं? तू ती मारामारी पाहिली नाहीस, मी पाहिलीय.'

खरं आहे, मी नाही पाहिली. दादा माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा. त्याच्या वेळी जीएसच्या, म्हणजे कॉलेजच्या विद्यार्थी सचिवाच्या, निवडणुकीत हॉकी स्टिका बाहेर निघायच्या, उमेदवार पळवले जायचे. मी कॉलेजात गेलो तोवर 1994 चा विद्यापीठ कायदा आला होता. त्याने भानगडच संपवली: वर्गात पहिला येईल तो वर्गाचा प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांतून प्राचार्यांनी नेमलेले काही जण, आणि या मूठभरांनी आपल्यातूनच सचिव निवडायचा. बाकीच्या पोरांनी टाळ्या वाजवायच्या. मग 2016 च्या नव्या कायद्यात खुल्या निवडणुका परत आल्या. अध्यक्ष, सचिव, महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा प्रतिनिधी, सगळे थेट मतदानाने. 2019 मध्ये वेळापत्रकही लागलं, पण विधानसभेची निवडणूक आली म्हणून पुढे ढकललं. मग कोविड आला, आणि विषय मागे पडला तो पडलाच.

दादाला मी हेही सांगितलं की मारामारीवर औषध आधीच लिहून ठेवलंय. लिंगडोह समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्येच लागू केल्या. उमेदवाराला खर्चाची मर्यादा 5000 रुपये, 75 टक्के हजेरी, छापील पोस्टर बंद, हाताने रंगवलेलंच चालेल. तो हसला. म्हणाला, 'पाच हजारांत आमच्याकडे वाढदिवसाचा एक फ्लेक्ससुद्धा धड लागत नाही.'

मग मी माझं ठेवणीतलं उदाहरण काढलं. माझ्या टीममध्ये एक वर्कश्टुडंट आहे, म्हणजे शिकता शिकता अर्धवेळ नोकरी करणारा, एकवीस वर्षांचा. आठवड्याला वीस तास आमच्याकडे असतो, एरवी विद्यापीठाच्या फायहिंगेनच्या कॅम्पसवर. तो त्यांच्या फाखशाफ्टचा, म्हणजे विभागाच्या विद्यार्थी संघटनेचा, खजिनदार. नव्या पोरांचं स्वागत करायचं, जुन्या पेपरांच्या झेरॉक्स सांभाळायच्या आणि सेमिस्टरला एक पार्टी घालायची, असली कामं. एका सोमवारी तो लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आला. पार्टीच्या हिशोबात 212 युरो कमी पडत होते. आम्ही दोघं तासभर एक्सेल उघडून बसलो. शेवटी सापडलं: बाटल्यांचे रिकामे क्रेट परत दिले होते, त्याचा फांडचा बोन, म्हणजे अनामत परत मिळायची पावती, कुणीतरी जाकिटाच्या खिशात तसाच ठेवला होता. तरीही अठ्ठावीस युरोंचा पत्ता लागला नाही. बुधवारी तो सभेत उभा राहिला आणि म्हणाला, 'अठ्ठावीस युरो मला सापडले नाहीत, चूक माझी.' पहिल्या वर्षाच्या एका मुलीने उठून विचारलं, गल्ल्याच्या दोन चाव्या का नव्हत्या? हिशोब मंजूर करायचं पुढच्या सभेवर ढकललं गेलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्याचा चेहरा पडलेला होता. मला मात्र मनातून फार बरं वाटलं. म्हटलं, हे शिबिरात शिकवून दाखवा.

माझं म्हणणं एवढंच आहे. भाषण करता येणं, चारचौघांत धीटपणे उभं राहणं हे ठीक, पण ते नटालाही येतं. दुसऱ्याचे पैसे आपल्या हातात असताना कुणीतरी उठून 'का' विचारू शकतो, आणि पुढच्या वर्षी आपल्याला घरी बसवू शकतो, हे विशीत एकदा अंगावर यायला हवं. अठराव्या वर्षी खासदार निवडायचा आणि गॅदरिंगचा खर्च विचारायचा नाही, असं आपल्याकडे चाललंय. मग तिशीत एखादा नगरसेवक उभा राहतो तो कुणाचा तरी मुलगा, पुतण्या नाहीतर मेहुणाच निघतो. बाकीच्यांना सराव कुठे मिळाला?

हे मी दादाला जरा चढ्या आवाजातच सांगितलं. काय काय सांगितलं नाही तेही लिहितो.

मी ज्या राज्यात राहतो त्या बाडेन-व्युर्टेमबर्गने विद्यार्थ्यांच्या स्वायत्त संघटना 1977 मध्ये कायद्याने बंद केल्या होत्या. कारण दादाचंच होतं: कॅम्पसवर राजकारण फार झालं. त्या परत आल्या 2012 मध्ये, म्हणजे पस्तीस वर्षांनी. शेजारच्या बव्हेरियात सत्तरच्या दशकात गेल्या त्या अजून आलेल्या नाहीत. मी स्वतः इथे 2006 मध्ये मास्टर्सला आलो, म्हणजे त्या बंदीच्या काळातच. आणि जिथे निवडणुका होतात तिथे दहातले आठ जण मत द्यायलाच जात नाहीत. माझ्या त्या वर्कश्टुडंटविरुद्धही कुणी उभं नव्हतं. तो बिनविरोध आला होता.

बिनविरोध तर मीही आलो होतो. दुसऱ्या वर्षी वर्गात पहिला आलो म्हणून तिसऱ्या वर्षी मी सीआर, म्हणजे वर्गाचा प्रतिनिधी. मला कुणी विचारलं नाही, मी कुणाला विचारलं नाही. वर्षभरात दोन बैठका झाल्या. दुसऱ्या बैठकीत गॅदरिंगच्या हिशोबाचा कागद फिरला. शेवटच्या रकान्यात 'इतर' असं लिहून मोठा आकडा होता. मी सही केली. समोसे चांगले होते.

त्याच वर्षी एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर झालं. तिथलं मात्र डोक्यातून जात नाही. झेडपीच्या शाळेत मुक्काम, दिवसा बंधाऱ्याचं खोदकाम. तिसऱ्या दिवशी तांदूळ कमी पडणार हे आमच्यातल्या एकाच मुलीच्या लक्षात आलं. पातेलं उघडून तिने वाट्यांनी मोजलं, कागदावर गणित केलं आणि सरांना जाऊन सांगितलं की आजपासून रात्री भाकरी. मुलं कुरकुरली. ती म्हणाली, 'ज्याला भात हवाय त्याने उद्या दळण आणायला चालत जायचं.' सगळे गप्प. परतायच्या दिवशी उरलेलं तेल-मीठसुद्धा तिने शाळेच्या बाईंकडे मोजून दिलं. तिला कुणी निवडून दिलं नव्हतं. ही गोष्ट दादाच्या बाजूने जाते, म्हणून मी फोनवर काढली नाही. पण ती मुलगी आमच्या वर्गातून विद्यार्थी परिषदेवर कधीच गेली नसती, तिला बावन्न टक्के होते. तिच्या जागी मी होतो. ही गोष्ट कुणाच्या बाजूने जाते, मला ठरवता येत नाही.

फोन ठेवता ठेवता दादाने विचारलं, 'बरं, तू तिथे कशाकशाला मत देतोस?' मी विषय बदलला. माझ्याकडे पासपोर्ट भारताचाच आहे, त्यामुळे इथे महापालिकेलाही मत नाही. भारतात मतदारयादीत नाव घालता येतं, पण मतदानाच्या दिवशी स्वतः जाऊन उभं राहावं लागतं, ते कधी जमलं नाही. पासपोर्ट बदलायचा फॉर्म दोन वर्षं ड्रॉवरमध्ये आहे. तो भरला की भारताचा सोडावा लागतो. हे सगळं कायद्याचं झालं. पण मुलीच्या वर्गाच्या एल्टर्नआबेंडला, म्हणजे पालकसभेला, मत मला होतं. पालक प्रतिनिधी कोण होणार, असं विचारल्यावर सगळ्यांनी बुटांकडे पाहिलं, त्यात माझेही बूट होते. जर्मन व्याकरणातल्या डेअर-डी-डासची लाज, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, 'मंडळात तर मराठीच बोलतात.'

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या वार्षिक सभेत मी मागच्या रांगेत बसून हॉलच्या भाड्यावर प्रश्न विचारतो, चांगले विचारतो. फेरआइन, म्हणजे इथली संस्था, नोंदवायला सात सभासद लागतात, आम्ही दीडशेच्या वर आहोत, तरी यंदा कोषाध्यक्ष मिळत नाहीये. सचिवांचा मेल येऊन तीन आठवडे झाले: इच्छुकांनी नावं शुक्रवारपर्यंत कळवावीत. तो मी न वाचलेला म्हणून परत मार्क करून ठेवलाय.

काल रात्री पुतण्याचा स्वतंत्र मेसेज आला. 'काका, तुम्ही कॉलेजात असताना निवडून आला होतात का?' मी टाइप केलं 'हो', मग खोडलं.

सध्या माझ्याकडे एकच पद आहे. दाराच्या कडीला केरवोखेची, म्हणजे इमारतीच्या झाडलोटीच्या पाळीची, पाटी लटकलीय, या आठवड्यात जिना आणि पायऱ्या माझ्या. हे पद पाळीने येतं, ना अर्ज, ना मतदान. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी शनिवारी चारच्या सुमाराला खाली उतरतात, कठड्यावरून बोट फिरवतात आणि बेल वाजवतात.