तीन बारचा नळ आणि आपली गच्चीवरची टाकी

टिळकवाडी, शहापूर, वडगाव, हिंडलगा रोड, बेळगावात कुठेही नवी इमारत उभी राहिली की जाहिरातीत ‘ग्रीन होम’ हा शब्द आता बऱ्याचदा असतो. पाणी वाचवणारे नळ, पावसाच्या पाण्याची टाकी, सोलर, सगळं त्यात येतं. आणि वर्षभरात पुष्कळ घरांत नळांच्या तोंडाशी बसवलेल्या, पाणी वाचवणाऱ्या जाळ्या काढून खिडकीत ठेवलेल्या दिसतात. मग म्हणायचं, लोकांना पाण्याची किंमत नाही. मला हे अजिबात पटत नाही. जाळी काढणाऱ्याचं चुकत नाही. चूक असते ती दाब न मोजता जाळी बसवणाऱ्याची. घरातल्या माणसाला रोज त्रास होत असेल तर ती बचत सहा महिनेसुद्धा टिकत नाही.

नळाच्या तोंडाशी जी जाळी असते, एरेटर, तिच्या पाकिटावर ‘मिनिटाला ६ लिटर’ असं छापलेलं असतं. तो आकडा बहुधा ३ बार दाबाचा असतो. ३ बार म्हणजे ३० मीटर उंचीवरून येणारं पाणी, नऊ-दहा मजल्यांवर टाकी असल्यासारखं. आपलं दुमजली घर, गच्चीत कट्ट्यावर हजार लिटरची काळी टाकी, आणि वरच्या मजल्यावरच्या बेसिनपासून टाकीतल्या पाण्यापर्यंतची उंची जेमतेम ३ मीटर. म्हणजे ०.३ बार. दाब दहापट उतरला की प्रवाह वर्गमुळाच्या हिशेबाने साधारण तिपटीने उतरतो. ६ लिटरचा नळ मिनिटाला १.९ लिटरवर येतो. एक लिटरचा तांब्या भरायला अर्धा मिनिट! भांड्यांवरचा साबण जाता जात नाही, नळ नुसता सोडून ठेवावा लागतो, आणि शेवटी कुणीतरी पक्कड आणून जाळी काढतंच.

म्हणून खरेदीच्या आधी मोजा. तांब्या आणि मोबाइलमधलं घड्याळ, एवढंच लागतं. नळ पूर्ण सोडून एक लिटर किती सेकंदांत भरतो ते बघायचं. ५ सेकंद लागले तर मिनिटाला १२ लिटर, १० लागले तर ६, १५ लागले तर ४. हात धुवायच्या बेसिनला १५ सेकंदांचा नळ पुरतो, स्वयंपाकघरातल्या सिंकला १० सेकंदांचा लागतो. काही न बसवताच त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तिथे जाळीवर पैसे घालू नका. आणि ५ सेकंदांत भरत असेल तर बेसिनखालचा अँगल कॉक अर्धा फेरा आवळला तरी पुष्कळ वेळा काम होतं, तेही फुकटात.

चार-पाच मजली अपार्टमेंटमध्ये घोळ वेगळाच. तळमजल्यावर सव्वा-दीड बार आणि सगळ्यात वर ०.३, पण बिल्डरने नळ मात्र सगळीकडे एकाच खोक्यातले बसवलेले. खालचे म्हणतात पाणी अंगावर उडतं, वरचे म्हणतात धारच लागत नाही. खालच्या मजल्यांना आत रबरी रिंग असलेला एरेटर घ्यावा. दाब वाढला की रिंग दबून पसरते आणि वाट अरुंद करते, त्यामुळे प्रवाह एकसारखा राहतो. पण त्याला काम करायला साधारण १ बार दाब लागतो, म्हणून वर त्याचा उपयोग नाही. वरच्या मजल्यासाठी टाकी उचलणं हा साधा उपाय आहे. ३ मीटरची उंची ५ मीटर केली की प्रवाह जवळजवळ ३० टक्के वाढतो. स्टँडचा खर्च एकदाच, आणि पंपासारखं वीजबिल नाही. फक्त भरलेल्या हजार लिटर टाकीचं वजन एक टन असतं, तेव्हा स्टँड कुठल्या कॉलमवर येणार ते इंजिनिअरला विचारूनच ठरवा.

आता न्हाणी. पाणी बचतीचे तक्ते शॉवर धरून केलेले असतात, आपल्या बहुतेक घरांत अंघोळ बादली-तांब्याने होते. १५ ते २० लिटरची बादली म्हणजे आधीच काटकसर. मिनिटाला १० लिटरच्या शॉवरखाली आठ मिनिटं उभं राहिलं तर ८० लिटर जातात. बादली तेवढीच भरायची असेल तर तिच्या नळाला जाळी लावून एक थेंबही वाचत नाही. नुसता वेळ जातो, आणि सकाळी शाळेची घाई असलेल्या घरात त्यावरूनच चिडचिड होते. बादलीचा नळ मोकळा ठेवा.

न्हाणीतलं खरं नुकसान गरम पाण्याच्या पाइपात आहे. सोलर गच्चीच्या एका टोकाला, न्हाणी दुसऱ्या टोकाला खाली, मध्ये २० मीटर पाऊण इंची पाइप. त्यात ५ लिटरच्या आसपास पाणी रात्रभर गार होऊन बसलेलं असतं. ते आधी वाहून जातं, मग गरम येतं. सोलर न्हाणीच्या डोक्यावर येईल असं नकाशातच ठरवा. शेवटची शाखा अर्ध्या इंचाची घ्या, म्हणजे त्यात मीटरमागे साधारण निम्मंच पाणी अडकतं. सगळ्या पाइपला इन्सुलेशन घाला. एकामागून एक अंघोळी झाल्या तर पहिल्याच वेळी काय ते गार पाणी सुटेल. घर बांधून झालं असेल तर दुसरी बादली ठेवून ते गार पाणी विसणाला वापरा.

फ्लशकडे मात्र सगळ्यात आधी बघायला हवं. माणशी दिवसाला १३५ लिटर हा आपल्याकडे धरला जाणारा आकडा, त्यातले ४५ फ्लशचे. जुनी १० लिटरची टाकी दिवसातून पाच वेळा ओढली की ५० लिटर. दोन बटणांच्या टाकीत एकदा ६ आणि चारदा ३, म्हणजे १८. पाच माणसांच्या घरात रोज १६० लिटर वाचतात. पण जुनं भांडं तसंच ठेवून नुसती टाकी बदलली तर फसगत होते. ते भांडं १० लिटरच्या लोटासाठी घडवलेलं असतं, ६ लिटरमध्ये साफ होत नाही, लोक दोनदा ओढतात आणि हिशेब १२ वर जातो. बदलायचं तर टाकी आणि भांडं जोडीने.

दुसरी गोष्ट गळतीची. बोअरच्या जड पाण्याने टाकीच्या तळाच्या रबरी सीलवर क्षार बसतात, सील नीट टेकत नाही, आणि दोऱ्याएवढी धार भांड्याच्या मागच्या भिंतीवरून आवाज न करता उतरत राहते. मिनिटाला १०० मिली म्हटली तरी दिवसाला १४४ लिटर. वरची सगळी बचत तिथेच गेली. तपासायला कपड्यांची नीळ चमचाभर टाकीत घाला आणि वीस मिनिटं कुणी फ्लश ओढू नका. भांड्यात निळी रेघ उतरली तर सील बदलायचं. हे दर तीन महिन्यांनी करावं. जाळ्याही तशाच, खोबणीत पांढरे क्षार दिसले की तासभर लिंबाच्या पाण्यात बुडवून जुन्या टूथब्रशने घासायच्या.

आरओबद्दल थोडक्यात. एक लिटर पाणी गाळताना ते दोन-तीन लिटर सोडून देतं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, लिटरमागे ५०० मिलिग्रॅमच्या आत असेल तर क्षारांसाठी आरओ लागत नाही. राकसकोप-हिडकल जलाशयांचं नळाचं पाणी पिणाऱ्यांनी टीडीएस मोजल्याशिवाय ते यंत्र घेऊ नये.

पावसाच्या बाबतीत बेळगाव भाग्यवान आहे. वर्षाला साधारण १२०० मिलिमीटर धरला तर हजार चौरस फूट गच्चीवरून ८० ते ९० हजार लिटर मिळतात. बिघडतं ते पहिल्या पाण्यावर. वळवाच्या सरी गच्चीवरची उन्हाळाभराची धूळ, पाला आणि पक्ष्यांची घाण घेऊन येतात. हे पाणी बाजूला काढायला प्लंबर चार इंची पाइपाचा मीटरभर तुकडा उभा करतो, त्यात मावतं ८ लिटर. हजार चौरस फुटांवरचे पहिले २ मिलिमीटर म्हणजे १८५ लिटर. तिथे २०० लिटरचा ड्रमच हवा, तळाला छोटी तोटी थोडी उघडी ठेवून, म्हणजे पुढच्या सरीला तो रिकामा मिळतो. एवढं नसेल तर पहिल्याच महिन्यात संपमधल्या, म्हणजे जमिनीखालच्या टाकीतल्या, पाण्याला वास येतो, घरातले नाक मुरडतात आणि पाइप कायमचा गटारात सोडला जातो. मृग लागायच्या आधी गच्ची झाडून धुवा, वळवाचं पाणी साठवूच नका, आणि फिल्टरमधली वाळू आषाढात दर पंधरा दिवसांनी उपसून धुवा.

साठवून उरलेलं पाणी परसातल्या विहिरीत सोडा. १९२४ च्या अधिवेशनासाठी खोदलेली काँग्रेस विहीर टिळकवाडीत आजही आहे. आपल्या गावाला विहिरींची सवय जुनी आहे. खानापूरकडच्या जांभ्यात पाणी झपाट्याने मुरतं, म्हणूनच पावसाचं पाणी मुरवायची जागा संडासाच्या शोषखड्ड्यापासून पंधरा मीटर तरी लांब ठेवावी. अथणी, रायबागच्या काळ्या मातीत पायाजवळ खड्डा घेऊ नये. ती माती पाण्याने फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि भिंतींना तडे जातात. तिथे पैसे टाकीत घालावेत.

सांडपाणी शुद्ध करून फ्लशला देणाऱ्या अपार्टमेंटमध्ये वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे सांडपाण्यात हवा सोडणारं यंत्र, बंद करतात. हवा तुटली की त्यातले घाण खाणारे जिवाणू मरतात आणि दोन दिवसांत संडासात वास सुटतो. ब्लोअर चालू ठेवायचा नसेल तर ती यंत्रणा घेऊच नये. स्वतंत्र घराला मोरीचं पाणी अळूला आणि केळीला सोडण्याची आपली जुनी पद्धतच चांगली, फक्त ते दिवसभराहून जास्त साठवायचं नाही आणि सिंकचं तेलकट पाणी त्यात येऊ द्यायचं नाही.

२००८ च्या सुमारास बेळगावच्या काही वॉर्डांत चोवीस तास पाणी सुरू झालं. जिथे अजून चार-पाच दिवसांआड येतं तिथे नवं पाणी आलं की हंडे, कळशा, पिंपं ‘शिळं पाणी’ म्हणून अंगणात ओतली जातात. घट्ट झाकणाच्या टाकीत सावलीला ठेवलेलं स्वच्छ पाणी पाच दिवसांत शिळं होत नाही. ज्या घरी पाणी असं काही दिवसांआड येतं तिथे पहिला खर्च जाळीचा नको. बसतं झाकण, ओव्हरफ्लोच्या तोंडाला डासांची जाळी, न गळणारा बॉल कॉक आणि महिन्यातून एकदा टाकी घासून धुणं, हे आधी. मग तांब्या आणि घड्याळ घेऊन नळाशी उभं राहायचं.