घडाघडा वाचलं म्हणजे समजलं, हे खरं नाही

आमच्या शाळेच्या पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेल्या महिन्यात एक मेसेज आला. मग तोच शिक्षकांच्या ग्रुपवर आला, आणि परवा कागलहून माझ्या बहिणीनेही पाठवला. मेसेज थोडक्यात असा: मूल घडाघडा वाचायला लागलं की अर्थ आपोआप कळतो. त्यासाठी वर्गात रोज एकेकाला उभं करून वाचून घ्या, धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ करून घ्या, वर्गात गावठी बोलू देऊ नका, गोष्टीच्या पुस्तकांत वेळ घालवू नका. शेवटी लिहिलंय, 'आपण सगळे असेच शिकलो, आपलं काय अडलं?'

मी कोल्हापूरच्या करवीर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत १९ वर्षं शिकवते, बहुतेक वर्षं चौथी-पाचवीला. मेसेज लिहिणाऱ्याची कळकळ खरी असणार, कारण पोरांना वाचता यावं असंच त्यालाही वाटतंय. पण यातले सल्ले वर्गात पाळले की काय होतं ते मी जवळून पाहिलं आहे. म्हणून मुद्द्याला मुद्दा लिहिते.

पहिला मुद्दा, घडाघडा वाचनाचा. यातलं अर्धं मला मान्य आहे. अक्षरं जुळवण्यातच सगळं बळ संपलं तर अर्थाकडे लक्ष जाणार कसं? जोडाक्षरापाशी अडखळणाऱ्या मुलाला वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात आठवत नाही. ही पहिली पायरीही अजून पक्की नाही: मुलांना वाचता-गणित करता येतं का हे पाहणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या सरकारी शाळांत तिसरीच्या मुलांपैकी दुसरीचा मजकूर वाचू शकणारी मुलं २३.४ टक्केच निघाली. त्यामुळे अक्षरओळख, जोडाक्षरं, अस्खलित वाचन यांवर मेहनत घ्यायलाच हवी, त्याबद्दल माझा वाद नाही.

वाद आहे तो 'आपोआप' या शब्दाशी. १९८६ मध्ये गफ आणि टनमर या दोन संशोधकांनी वाचनाचं एक साधं गणित मांडलं: लिपी उलगडता येणं गुणिले भाषा समजणं, बरोबर वाचून समजणं. त्यांनी बेरीज न मांडता गुणाकार मांडला. एक बाजू शून्य असेल, तर दुसरी कितीही मोठी असली तरी उत्तर शून्यच येतं.

आपल्याकडे तर हा धोका जास्त आहे, कारण देवनागरी वाचायला सरळ आहे. च, ज, झ चे दोन उच्चार आणि असे थोडे अपवाद सोडले, तर लिहिलंय तसं म्हणायचं. 'अनुच्छेद' म्हणजे काय हे माहीत नसलेलं मूलही तो शब्द खणखणीत वाचून दाखवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, वा! पाहुण्यांसमोर पोर पेपर वाचून दाखवतं तेव्हा आईबापांना जे समाधान वाटतं ते मला कळतं. पण त्या क्षणी फक्त लिपीची परीक्षा झालेली असते.

'धड्याखालची प्रश्नोत्तरं पाठ झाली म्हणजे धडा समजला' हा मुद्दा मेसेजमध्ये तिसरा आहे, पण तो इथेच घेते. हे वाक्य वाचा: 'काल सकाळी तरबुळ्याने गवशीला झुमडात लोपटले.' आता सांगा, तरबुळ्याने कोणाला लोपटले? गवशीला. कशात लोपटले? झुमडात. कधी? काल सकाळी. तीनही उत्तरं बरोबर, पूर्ण वाक्यात लिहिली तर पैकीच्या पैकी गुण. आणि या वाक्याला अर्थच नाही, ते मी आत्ता तयार केलं. मराठीचे विभक्तीप्रत्यय इतके मदतीला धावतात की 'ने', 'ला', 'त' पाहून उत्तर उचलता येतं. आपल्या चाचण्यांमधले किती प्रश्न असे उचलून लिहिण्याचे असतात ते एकदा मोजून पाहा. मी आमच्याच एका घटक चाचणीचे मोजले होते. दहापैकी आठ.

प्रश्न विचारणं म्हणजे समज शिकवणं नव्हे, हेही लक्षात घ्यायला हवं. अमेरिकेत डोलोरेस डर्किन यांनी १९७० च्या दशकात चौथीच्या वर्गांत बसून वाचनाचे तास पाहिले. ४,४६९ मिनिटांच्या निरीक्षणात प्रत्यक्ष अर्थ कसा लावायचा हे शिकवण्यात गेलेली मिनिटं होती २०. बाकी वेळ बराचसा प्रश्न विचारण्यात आणि स्वाध्याय देण्यातच गेला होता. देश वेगळा, भाषा वेगळी, पण ते वाचताना मला माझाच वर्ग दिसला.

एकेकाला उभं करून वाचून घेण्याबद्दल फार लिहीत नाही. ३५ मुलं, ३५ मिनिटांची तासिका. प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिट, आणि उरलेली ३४ मिनिटं ती काय करतात? आपल्यावर कोणता परिच्छेद येणार ते मोजून ठेवतात आणि तेवढाच मनात घोकतात. अडखळणारं मूल सगळ्यांदेखत अडखळतं आणि दुसऱ्या दिवशी पोटात दुखतं म्हणून घरी राहतं. त्यापेक्षा जोडीने वाचू द्या, निम्मा वर्ग एकाच वेळी वाचत असतो. एकच छोटा उतारा तीन-चारदा वाचू द्या, ओघ त्यानेही येतो. आणि बाईंनी स्वतः वाचून दाखवताना मध्येच थांबून मनातला विचार मोठ्याने बोलावा: 'थांबा, मघाशी म्हातारी घरात एकटी होती ना? मग आता हा आवाज कोणाचा? मागे जाऊन बघते.' न कळल्यावर वाचणारा मागे जातो, ही गोष्ट कित्येक मुलांनी कधी पाहिलेलीच नसते. त्यांना वाटतं, वाचन पुढेच जायचं असतं.

आता बोलीचा मुद्दा, ज्यासाठी खरं तर हे सगळं लिहायला बसले.

दोन पावसाळ्यांपूर्वी पाचवीच्या वर्गात फळ्यावर मी दोन वाक्यं लिहिली. 'राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेचं पाणी ४१ फुटांवर गेलं. संध्याकाळी चिखली आणि आंबेवाडीच्या लोकांनी जनावरांची दावी सोडली.' विचारलं, लोकांनी दावी का सोडली? वर्गात सगळ्यांत झरझर वाचणारी मुलगी त्याच वर्षी मंगळवेढ्याकडून आली होती, वडिलांच्या बदलीमुळे. तिने लगेच हात वर केला: 'जनावरांना पाण्यावर न्यायला.' मागच्या बाकावरचा एक मुलगा, जो तेव्हाही बोट ठेवून अक्षर-अक्षर वाचायचा, न विचारताच बोलला: 'नव्हं मॅडम. एकोणचाळीसला इशारा, त्रेचाळीसला धोका. पाणी वाढाय लागलंय. रातच्याला म्हसरं काढाया येत न्हाईत, म्हणून उजेड हाय तवर वर न्यायाची.'

फळ्यावरच्या दोन वाक्यांत 'पूर' हा शब्द नाही. 'धोका' नाही, 'रात्र' नाही. त्याने ते सगळं आपल्या घरून आणलं, जिथे २०१९ आणि २०२१ च्या पुराच्या आठवणी जेवताना निघतात. आणि त्या मुलीचं उत्तरही मला चूक म्हणवत नाही. जिथे पाणी शोधत जनावरं न्यावी लागतात, तिथला तो बरोबर अर्थ आहे. दोघांनीही वाचलेल्या शब्दांत आपल्या गावचं ज्ञान मिसळलं. समजणं होतं ते असंच. १९८८ मध्ये रेक्ट आणि लेस्ली यांनी अमेरिकेतल्या सातवी-आठवीच्या मुलांना बेसबॉलच्या सामन्याचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ माहीत असलेली मुलं, वाचनात पक्की पण खेळ न कळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. आमच्या वर्गात तेच पंचगंगेवर घडलं.

आणि मेसेज म्हणतो, गावठी बोलू देऊ नका. त्या मुलाला मी 'म्हसरं नाही, म्हशी म्हण. न्हाईत नाही, नाहीत म्हण' असं पहिल्याच शब्दाला अडवलं असतं, तर तो गप्प बसला असता आणि वर्गाला पुराचा अर्थ कळला नसता. गफ-टनमरच्या गुणाकारातली दुसरी संख्या, भाषेची समज, ही मूल घरून घेऊन येतं. ती दाराबाहेर ठेवायला सांगून आपण कशाशी गुणणार? प्रमाण मराठी शिकवायलाच हवी, पुस्तकं तीत आहेत, पुढचं शिक्षण तीत आहे. मी त्याचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, शेजारी सगळ्यांनी मिळून ते पुस्तकी मराठीत लिहिलं. 'तवर' आणि 'तोपर्यंत' शेजारी शेजारी बसले. मंगळवेढ्याच्या मुलीने तिसऱ्या रकान्यात तिच्याकडचे शब्द भरले.

गोष्टीच्या पुस्तकांबद्दल: मुलांना घरच्या बोलण्यात न भेटणारे शब्द भेटतात ते पुस्तकांतच, आणि वाचता न येणाऱ्या मुलालाही ते ऐकून मिळतात. म्हणून पहिलीला बाराखडी चालू असतानाच रोज दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवायची, बाराखडी संपायची वाट पाहायची नाही. नुसत्या गोष्टीही पुरत नाहीत. परिसर अभ्यासाचा धडा हाच वाचनाचा धडा करा. धरण, बाजारभाव, गुऱ्हाळातली काहिल, शरीरातलं रक्ताभिसरण, जे माहीत होईल ते पुढच्या वाचनात कामाला येतं. ज्या कोल्हापुरात १८५० पासून करवीर नगर वाचन मंदिर उभं आहे, तिथे पुस्तक वाचणं म्हणजे वेळ घालवणं, असं लिहिलेलं वाचून मला फार वाईट वाटलं.

मग करायचं काय, असं विचाराल. मला सर्वांत उपयोगी पडली ती १९८४ मध्ये पॅलिंकसर आणि ब्राउन यांनी मांडलेली रीत. त्यांनी ती सातवीच्या अशाच मुलांवर वापरली, ज्यांना वाचता येत होतं पण कळत नव्हतं. माझ्या वर्गात ती अशी चालते: चार-चार मुलांचा गट. एक परिच्छेद वाचायचा. एकाने पुढे काय येईल याचा अंदाज सांगायचा, दुसऱ्याने प्रश्न काढायचा, तिसऱ्याने अडलेला शब्द किंवा वाक्य उलगडायचं, चौथ्याने सगळं दोन वाक्यांत सांगायचं. पुढच्या परिच्छेदाला कामं बदलायची. सुरुवातीला शिक्षकाने स्वतः करून दाखवायचं आणि हळूहळू बाजूला व्हायचं.

पहिले पंधरा दिवस नुसता गोंगाट झाला. दिवाळीपर्यंत प्रश्न 'कोण' आणि 'कुठे'च्या पुढे जाईनात. सारांश म्हणून मुलं पहिलं वाक्य तसंच म्हणून दाखवायची. जानेवारीत एका गटातून 'पण त्याने असं का केलं असेल?' असा प्रश्न आला आणि गटातल्या चौघांचं उत्तरावरून भांडण झालं. मी मध्ये पडले नाही. एक सावधगिरी मात्र सांगते: या चार कामांचाच वर्षभर सराव घेत बसू नका. रीत काही आठवड्यांत हाताला बसते, त्यानंतर समज वाढते ती काय वाचतो त्यावर.

राहिलं शेवटचं वाक्य, 'आपण सगळे असेच शिकलो.' सगळे? १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८.३३ टक्के होती. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं, ते 'सगळे' शिकत नव्हते म्हणूनच. जे शिकले ते मेसेज लिहायला उरले. जे चौथीत, सातवीत शाळा सोडून गेले, ज्यांना पुस्तकातलं कळेना म्हणून शाळा नकोशी झाली, ते या ग्रुपवर नाहीत. माझ्या पहिल्या वर्गातले असे तिघे मला अजून आठवतात. त्यातले दोघे घडाघडा वाचायचे.

ज्या पालकांनी हा मेसेज आमच्या ग्रुपवर टाकला, त्यांना मी येत्या शनिवारी सकाळच्या शाळेला बोलावलं आहे. येताना त्या दिवसाचं वर्तमानपत्र आणा आणि हवी ती बातमी तुम्हीच निवडा, असं सांगितलंय. पाचवीचा एक गट ती त्यांच्यासमोर वाचेल, आणि प्रश्न मुलंच काढतील.