फरदडीचा हिशेब

अमेरिकेतल्या अॅरिझोनात फिनिक्सहून टूसानकडे जाताना कासा ग्रांडेच्या आसपास कपाशीची शेतं लागतात. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीकडच्या माणसाला पऱ्हाटी दिसली की ब्रेक आपोआप लागतो. मागच्या हंगामात रस्त्याकडेला पडलेलं एक बोंड उचललं आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवून उकललं. सगळे कप्पे पांढरेफेक, सरकी शाबूत. कुठे भोक नाही, किडकी कवडी नाही. फोटो काढून दादाला, म्हणजे चुलतभावाला पाठवला. त्याचं उत्तर लगेच आलं : "कोणतं बियाणं आहे बाप्पा तिकडं? नाव धाड."

आपल्याकडची सगळी चर्चा या एका प्रश्नात येते. बियाणं बोगस, कंपनी चोर, सरकार नवं वाण येऊ देत नाही. मला दादाला नाव पाठवता आलं नाही, कारण उत्तर बियाण्याच्या पिशवीत नाही.

ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्याने गुलाबी बोंडअळी देशातून संपल्याचं जाहीर केलं. त्याच्या आदल्याच हंगामात, २०१७ला, हीच अळी विदर्भ-मराठवाड्यात बोंडाबोंडात बसली होती. त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली. कीड एकच आणि बीटीचं तंत्र, म्हणजे झाडातच अळीसाठी विष तयार करणारं बियाणं, तेही एकच. इथे ते १९९६ला आलं, आपल्याकडे २००२ला. गंमत म्हणजे या अळीचं पहिलं शास्त्रीय वर्णन १८४०च्या दशकात झालं ते आपल्या भडोचच्या कापसावरून. इथल्यांसाठी ही परदेशी पाहुणी.

मग इथे काय वेगळं झालं? पहिली गोष्ट अगदी साधी. बीटीशेजारी साधी कपाशी लावायची, म्हणजे विष पचवू न शकणारे पतंग शिल्लक राहतात आणि प्रतिकार असलेल्या पतंगांशी त्यांचं मीलन होऊन प्रतिकार पातळ होतो. अॅरिझोनात बहुतेकांनी ते पाळलं. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर १२० ग्रॅमची नॉन-बीटीची पुडी यायची. ती किती जणांनी पेरली ते प्रत्येकाने आपल्या कोठीघरात बघावं. आमच्या घरी ती खिडकीत पडून असायची. वीसेक टक्के रान अळीला मोकळं सोडतोय असं वाटायचं, आणि बापाला ते पटवून देणारा कुणी आला नाही. तरी सगळा दोष पुडीवर घालणंही बरोबर नाही : आपल्याकडे संकरित वाण असल्याने एकाच बोंडात काही सरकी बीटीची, काही बिगरबीटीची निघते. अळीला सरावाची शाळाच ती.

दुसरी गोष्ट ऐकून मी थक्क झालो होतो. फिनिक्समध्ये बोंडअळीचा कारखाना होता. अळ्या वाढवायच्या, पतंग झाले की त्यांना किरणोत्साराने वांझ करायचं आणि विमानातून शेतावर सोडायचं. रानातल्या पतंगाचं या वांझ जोडीदाराशी मीलन होतं, पण पिढी पुढे जात नाही. अळ्यांच्या खाद्यात लाल तेलकट रंग मिसळलेला असायचा. कामगंध सापळ्यात, म्हणजे मादीच्या वासाचं आमिष लावलेल्या सापळ्यात, सापडलेला पतंग चिरडला की लाल डाग उमटला तर तो कारखान्यातला, नाही उमटला तर सगळ्यांची झोप उडायची. २००६ ते २०१४ या काळात नैऋत्य अमेरिका आणि उत्तर मेक्सिकोत असे अकराशे कोटींहून जास्त पतंग सोडले. पैसा सरकारचा होता, तसाच शेतकऱ्यांच्या वर्गणीचाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्रत्येक भागाला एक तारीख नेमून दिलेली असायची. त्या तारखेआत कपाशी मोडून जमिनीत गाडायची. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही तीच पऱ्हाटी राखून पुन्हा कापूस घेणं, हा प्रकार चालायचा नाही.

आता दादाचा हिशेब बघा. डिसेंबरनंतर विहिरीत पाणी असेल तर एक पाळी दिली की पऱ्हाटी पुन्हा पाती धरते. ना नांगरट, ना बियाण्याचा खर्च. दोन वेचे मिळाले तरी पोरांची फी निघते. अळीलाही नेमकं तेच हवं असतं. शेवटची पिढी सरकीत आणि बोंडात सुप्तावस्थेत जाते आणि पऱ्हाट्यांचे ढीग गोठ्याशेजारी जळणासाठी रचलेले असतात. जूनमध्ये पाऊस पडला की ती बाहेर येते. लवकर पेरणी होऊ नये म्हणून मे महिन्यात बियाणं विकू नका असा आदेश काढून हा ढीग कसा हलणार?

त्यामुळे गावाकडच्या ग्रुपवर 'बोंडअळी निर्मूलन' असा शब्द आला की मला राग येतो. माणसाने ठरवून जगातून मिटवल्या त्या देवी आणि गुरांची बुळकांडी, दोन्ही विषाणू. कीटकांत मोठी टोळधाड संपली ती अमेरिकेच्या रॉकी पर्वताची. १८७०च्या दशकात तिने आकाश झाकलं होतं, १९०२ नंतर ती जिवंत दिसली नाही. तिला कुणी मारायला गेलं नव्हतं, बहुधा तिची अंडी घालायची खोरीच नांगरली गेली. बाकी सगळीकडे आपण फक्त हद्दीबाहेर ढकलतो, आणि पहारा ढिला पडला की कीड परतते. मांस खाणारी स्क्रूवर्म माशी पनामापर्यंत रेटली होती, नोव्हेंबर २०२४मध्ये ती मेक्सिकोत परत दिसली. इथल्या कपाशीच्या शेतांतही सापळे अजून लटकलेत.

महाराष्ट्रात कपाशी चाळीस लाख हेक्टरच्या आसपास आहे, तुकड्या-तुकड्यांत आणि लाखो खातेदारांत वाटलेली. अॅरिझोनाची सगळी कपाशी त्यापुढे मुठीत मावेल. इथला विमानांचा खेळ तिकडे चालेल असं मला वाटत नाही. तारीख मात्र चालू शकेल, पण फुकटात नाही. २०१७च्या नुकसानीनंतर जिरायतीला हेक्टरी ३०,८०० रुपये जाहीर झाले होते. जानेवारीत उभी पऱ्हाटी मोडणाऱ्याला त्याचा काही अंश आधीच द्या, आणि पऱ्हाट्यांचं भुकटीयंत्र गावात पाठवा. अळी जाणार नाही, पण जूनमध्ये कमी निघेल.

हे सगळं मी दादाला फोनवर सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, "मी उपटतो. बांधापलीकडच्याचं काय? त्याच्या पोरीचं लग्न आहे फाल्गुनात."