कपलर चुकीचा बसतो, आणि पाइपसुद्धा

जळगाव-धुळ्याकडच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर सध्या एक मेसेज फिरतोय. मला तो चार जणांनी पाठवला, त्यातले दोघे माझे गिऱ्हाईक. म्हणणं असं, की इंजिन बदलताना खरी मेहनत उतरवण्या-चढवण्याची. वायरिंग आणि पेट्रोल-डिझेलचे पाइप जोडणं पोरखेळ. कपलर, म्हणजे तारांचे प्लॅस्टिकचे जोड, चुकीच्या जागी बसतच नाहीत, अर्थची (करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणारी) एक तार पुरे, पाइप कुठलाही चालतो, शेवटी सेल्फ मारून बघायचं. म्हणून जोडणीचे वेगळे पैसे देऊ नका, हा सल्ला.

मी अमळनेरात ऑटो इलेक्ट्रिकचं काम करतो. हे वाचून कोणी ओट्यासमोर पेट्रोलचा पाइप जोडायला बसला तर तो भाजेल, या काळजीने लिहितोय.

आधी कपलर. बऱ्याच कपलरच्या खाचा वेगळ्या असतात, हे खरं. पण चार सिलिंडरच्या पेट्रोल गाडीत पेट्रोल फवारणाऱ्या चारही इंजेक्टरचे कपलर सारखे, ठिणगी देणाऱ्या चारही कॉइलचेही सारखे. बहुतेक गाड्यांत सिलिंडर पेटायचा क्रम 1-3-4-2 असा असतो. दोन आणि तीनचे कॉइल कपलर उलटे लागले तर त्या दोन सिलिंडरमध्ये ठिणगी पडते ती धूर बाहेर जायच्या वेळी. दोन्ही सिलिंडर मुके. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातं आणि तिथल्या धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची वाट लागते. त्याची किंमत जोडणीच्या मजुरीच्या कितीतरी पट.

शिवाय आपल्याकडे बदली इंजिन बहुतेक वेळा भंगारातून येतं. मॉडेल तेच, पण साल वेगळं. धुराच्या नियमांपैकी देशभर 1 एप्रिल 2017 पासून बीएस-4 आलं, 1 एप्रिल 2020 पासून बीएस-6. मधल्या काळात सेन्सर बदलले, तारांचा क्रम बदलला. कपलर टक्कन बसतो आणि आतली तार भलतीकडे जाते. म्हणून जुनं इंजिन उतरवायच्या आधी प्रत्येक कपलरवर कागदी टेप लावून नंबर टाकायचा, फोटो काढायचे, आणि जमेल तिथे जुन्या इंजिनाचेच सेन्सर नव्यावर चढवायचे. या कामाला अर्धा दिवस जातो, तो कुणाला दिसत नाही.

आता अर्थ. मेसेजमधली सगळ्यात चुकीची ओळ हीच. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणजे बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेलं. त्याला बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडते ती जाड अर्थपट्टी. गेल्या उन्हाळ्यात पारोळ्याकडची एक गाडी आली. इंजिन दुसरीकडे बसवलेलं. तक्रार काय, तर क्लच जड झालाय आणि सेल्फ मारला की वास येतो. मी बॉनेट उघडून पोराला चावी फिरवायला सांगितली. क्लच केबलचं काळं प्लॅस्टिक माझ्या डोळ्यांदेखत फुगलं, बुडबुडे आले आणि धूर निघाला. गिअरबॉक्सच्या मागे अर्थपट्टी नुसती लोंबकळत होती. सेल्फ मोटरला शंभराच्या वर अँपिअर लागतात. त्या करंटला परतीची वाट मिळाली नाही, म्हणून तो क्लच केबलमधून आला. नशीब, तो इसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, बारीक तारेतून नाही आला. इंजिन बसवणाऱ्याला नंतर विचारलं तर म्हणाला, “काही व्हत नही भाऊ, चाली जाई.”

हे तपासायला मोठी अक्कल लागत नाही. मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनच्या उघड्या लोखंडाला. सेल्फ मारताना अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर अर्थ कच्चा आहे. बोल्टखालचा रंग आणि गंज घासून काढा.

पाइपाचं म्हणाल तर कार्ब्युरेटरच्या गाडीत पेट्रोलला दाब नावालाच असायचा. इंजेक्शनच्या गाडीत तो साधारण तीन बार (बार म्हणजे दाबाचं माप) किंवा त्याहून जास्त. जुन्या गाडीचा पाइप इथे लावला की तो आज धरेल, महिन्याने फुटेल, आणि खाली तापलेला मॅनिफोल्ड, म्हणजे धूर बाहेर नेणारा नळ, असतो. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. पाइप अंगठ्याने वाकवा. बारीक भेगा दिसल्या तर फेकून द्या. प्लॅस्टिकच्या क्विक कपलिंगला ‘टक’ ऐकू आलं पाहिजे, आणि मग ओढूनही बघायचं. येणारा आणि रिटर्नचा पाइप दिसायला सारखे असतील तर खुणेशिवाय काढूच नका.

कॉमन रेल डिझेलला (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून डिझेल देणाऱ्या इंजिनाला) तर घरच्या घरी हात लावू नका. तिथे दाब 1600 बारच्या घरात जातो. गळती बोटाने शोधली तर डिझेल कातडीत घुसतं. जखम टाचणी टोचल्याएवढी दिसते, पण लगेच सर्जनकडे गेलं नाही तर बोट जाऊ शकतं. सीएनजीच्या लाइनमध्ये 200 बार असतात, ती कंपनीच्या किंवा परवान्याच्या माणसानेच सोडवावी.

तारांच्या जोडावर गुंडाळायच्या टेपचं थोडक्यात. मे महिन्यात जळगावचा पारा 44-45 ला जातो, बॉनेटखाली त्याहून कितीतरी जास्त. काळी साधी टेप त्यात पाघळून उकलते. जोड क्रिम्प करून (दाबून आवळून) किंवा सोल्डर करून वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह घाला.

आणि ‘सेल्फ मारून बघा’. नाही. काम सुरू करतानाच बॅटरीचा निगेटिव्ह काढायचा, आणि तो सगळ्यात शेवटी लावायचा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खड्ड्यात साठून राहते, एका ठिणगीने पेटते. जोडणी झाली की पेट्रोल गाडीत फक्त चावी ऑन करा. पंप दोन-तीन सेकंद चालून थांबेल. असं तीनदा करा आणि प्रत्येक वेळी टॉर्चच्या उजेडात एकेक जोड बघा. आग विझवायचा कोरड्या पावडरचा सिलिंडर हाताशी ठेवा. सगळं कोरडं दिसलं तरच सेल्फ.

एक गोष्ट मेसेजवाल्याची मान्य: काही ठिकाणी जोडणीचे पैसे घेतात आणि काम उरकून टाकतात. तिथे पैसे नाकारण्यापेक्षा समोर उभं राहून अर्थचा आकडा दाखवायला सांगा, नवे वायसर आणि क्लिप बिलात आहेत का ते बघा. मेसेज पाठवणाऱ्यांपैकी एकाची गाडी आत्ता माझ्याकडे उभी आहे. उद्या सेल्फ मारताना मीटर त्याच्याच हातात देणार आहे.